तीन ते चारचा वर्ग

“मावशी, हा शब्द वाचा.”

मावशीने कागद जवळ धरला, मग लांब धरला. “नाही जमत, बाई.”

बाईंनी उसासाही टाकला नाही. दोन वर्षांत उसासे संपले होते.

हॉटेलच्या लॉन्ड्रीमागे धुतलेल्या चादरींची खोली होती. तिथे रोज तीन ते चार इंग्रजी वाचनाचा वर्ग भरे. इस्त्रीवाल्या सहा जणी, त्यांत मावशी सगळ्यांत मोठी. सकाळी सातपासून उभ्या असलेल्या या बायका दिवसभरात टेकायच्या त्या याच तासाला. यंत्रांवरच्या सूचना त्यांना वाचता याव्यात म्हणून मॅनेजरने भरपगारी तास दिला होता. सगळ्या जणी परीक्षेत पास झाल्या की वर्ग बंद, आणि तो तास पुन्हा इस्त्रीला.

तो दिवस काही उजाडत नव्हता.

बाईंना पाठवणाऱ्या संस्थेने धडे जगाच्या काळजीचे दिले होते. वितळणारा बर्फ, समुद्रातलं प्लॅस्टिक, घरदार सोडून निघालेली माणसं. त्यावर बोलायला सांगितलं की सहाही जणी तुटून पडत. वाचायला सांगितलं की तोंडाला कुलूप.

आज पाणीटंचाईचा धडा होता. बाईंनी पहिला परिच्छेद वाचला, अर्थ सांगितला. “पुढे काय असेल?”

“लांबून पाणी कोण आणतं ते असेल,” लंबू म्हणाली. उंच म्हणून तिला सगळ्या लंबू म्हणत. “बायका नि पोरी. त्यापायी पोरींची शाळा सुटते.”

“आणि इथे एका चादरीला बादलीभर जातं, ते नाही लिहीत कोणी,” मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या.

पुढे पोरींच्या शाळेचंच होतं. बाईंना हसू आलं नाही. अंदाज बांधता येतो, अक्षर ओळखता येत नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मागच्या परीक्षेत ‘बरोबर की चूक’ असे दहा प्रश्न होते. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी एकेकीला पाच गुण पडले असते. सहा जणींचे मिळून चार पडले.

त्या निकालानंतर बाई घरी जाऊन रडल्या होत्या. आता रडूही येत नव्हतं. नुसता थकवा होता, हाडांत मुरलेला.

सहा जणींना तोच परिच्छेद पुन्हा बघायला सांगून त्यांनी कोरा कागद ओढला. संस्थेला पत्र इंग्रजीतच लिहायचं, त्यामुळे यांच्यासमोर लिहायला अडचण नव्हती. दोन वर्षं झाली. यांना एक ओळ वाचता येत नाही. दोष त्यांचा नाही. मला शिकवता येत नाही. उद्यापासून मी येणार नाही.

सही तेवढी राहिली. तोच मॅनेजरने दारातून बोलावलं. कागद टेबलावर ठेवून त्या बाहेर गेल्या.

“काही प्रगती?”

“नाही.”

“दगडावर डोकं आपटताय, बाई.”

त्या परतल्या. लंबू पदराने डोळे पुसत होती. बाईंनी सहीसाठी पेन उचललं.

मावशी उठून टेबलापाशी आली. तिने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

“तुम्हाला शिकवता येत नाही, एवढं खोडा, बाई,” ती खाली मान घालून म्हणाली. “ते खोटं आहे.”