निघण्याचा आदला दिवस

पार्वतीबाईंना वर्षभर दम लागत नसे. किनवटकडच्या अभयारण्यात जायचे ठरले, की निघण्याच्या आदल्या दिवशी तो हमखास लागे. सलग तीन दिवाळ्यांत असेच घडले. जंगलाला लागून सून कावेरीचे माहेर होते. लग्नातल्या मानपानावरून मुलगा माधवराव सासऱ्यांशी बोलत नसत, तरी सहलीला त्यांनी कधी नकार दिला नव्हता.

"माझ्यापायी तुला बापाचं तोंड दिसंना, पोरी," पार्वतीबाई धापा टाकत म्हणत.

"असं काय बोलायलात, आई? तुमी आधी बऱ्या व्हा."

"आईला असं टाकून जंगल बघायला जायचं का?" माधवराव विचारत.

आईला धुळीचा त्रास आहे, असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून शाळेत विज्ञान शिकवणारे माधवराव तिची खोली रोज स्वतः ओल्या फडक्याने पुसत.

चौथ्या वर्षी कावेरीचे वडील अंथरुणाला खिळले होते. निघण्याच्या आदल्या दुपारी ती पाण्याचा तांब्या घेऊन सासूबाईंकडे गेली, तर दार आतून लावलेले होते. तिने खिडकीतून पाहिले.

झोपलेल्या आईच्या उशाशी उभे राहून, स्वतःच्या नाकाला रुमाल बांधून, माधवराव वर्षभर माळ्यावर पडलेला प्रवासाचा होल्डॉल झटकत होते.