पिशवी कोणाची

"गर्भपिशवी खाली उतरलीय. काढताही येईल, नाहीतर टाके घालून वर बांधताही येईल. तुम्हाला काय हवंय?" डॉक्टरांनी कुंदाताईंना विचारलं.

"काढूनच टाका," नवरा म्हणाला. "नातवंडं झाली. आता तिचा उपयोग काय?"

"माझी काढली, मी मेले का?" सोबत आलेली नणंद म्हणाली.

आठ महिने खोकतानाही जीव मुठीत धरला तो कुंदाताईंनी. चर्चा मात्र हे दोघं करत होते. डॉक्टरांनी संमतीपत्र सवयीने नवऱ्यापुढे सरकवलं. कुंदाताईंनी ते ओढून घेतलं.

"अहो, तुमची बंद स्कूटर बारा वर्षं ताडपत्रीखाली जपलीत ना? तिचा काय उपयोग?"

"तिचं वेगळं आहे. ती माझी आहे."

"बघा! डॉक्टर, वर बांधा," म्हणत कुंदाताईंनी सही ठोकली.