शिंप्याचं टक्कल

अनाथाश्रमात वाढलेल्या शिंप्याचे केस तिशीतच कपाळ सोडून मागे हटू लागले. देवदयेने कुठे लग्नाचा विषय निघत होता, म्हणून तो धावतपळत डॉक्टरांकडे गेला.

"घरात कुणाला टक्कल?"

"घरचं कुणी पाहिलंच नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी त्याचं डोकं उजेडाकडे वळवलं. "असं टक्कल बहुधा घरातूनच येतं. वडील, मामा, आजोबा, कुणीतरी अगदी असंच दिसत असणार. औषध लिहून देतो, नेमाने लावा. आहेत ते केस तरी टिकतील."

महिना झाला तरी चिठ्ठी खिशातच होती. दुकानात एक जुनं गिऱ्हाईक हसलं, "काय मास्तर, पार माळरान झालं की. काही लावत का नाही?"

 

टाळूवरून मायेने हात फिरवत शिंपी म्हणाला, "कशाला? आमच्या घराण्यात सगळे असेच."