धाकट्या जावेचं पाणी

विहिरींचं पाणी तपासायला आलेल्या सुनिताने ब्रश रंगाच्या डब्यात बुडवला आणि मालनबाईच्या विहिरीच्या कठड्यावर लाल गोल काढला.

"हे पिऊ नका, मावशी. शेतातलं खत न् तणनाशक उतरलंय पाण्यात."

मग ती बांध ओलांडून मालनबाईच्या धाकट्या जावेच्या, उज्वलाच्या विहिरीपाशी गेली. तिथे तिने हिरवा गोल काढला. "हे चांगलं आहे."

पाण्याला आलेल्या बाया हसल्या. "एवढं सांगाया खालापूरवरनं आलीस व्हय गं? उज्वलाच्या पाण्याचा च्या पिऊन बघ. साखर कमी लागते!"

मालनबाई लाल ओघळाकडे बघत राहिली.

परवा सुनिताने तपासणीसाठी दोघींना एकेक बाटली दिली होती. आपापल्या विहिरीचं पाणी भरा, गळ्याला नावाची चिठ्ठी बांधा. भरलेल्या बाटल्या उज्वलाच्या ओट्यावर शेजारी शेजारी उभ्या होत्या. उज्वला आत नातवाला न्हाऊ घालत होती. त्याच नातवाच्या बारशाला बायांनी गायलं होतं,

उज्वलाच्या विहिरीला साखरेचा गं पाझर
पिऊन वाढेल बाळ, नको कुणाची नजर

दोन्ही विहिरी सासऱ्याने खणलेल्या. गोड झरा धाकटीच्या वाट्याला आला. मालनबाईच्या पाण्यात डाळ शिजत नसे. तरी 'आमचं बी गोडच हाय' असं ती येईल त्याला सांगायची. गाण्यात मात्र तिचं नाव कुणी घेतलं नाही. तिने ओट्यावर बसून दोन्ही चिठ्ठ्या सोडल्या आणि बदलून बांधल्या. एकदा तरी, कागदावर का होईना, ते गोड पाणी आपलं असावं म्हणून.

"ताई," उज्वला बांधावरून आली, "आजपास्नं आमच्याच विहिरीचं न्या. तुमचं आमचं काय येगळं हाय?"

ते 'आमच्याच' मालनबाईच्या डोळ्यांत तिखटासारखं गेलं.

"तुमचं तुमी प्या," ती म्हणाली.

सुनिता ब्रश पुसत होती. "घरात तान्हं बाळ असेल तर लाल विहिरीचं पाणी थेंबभरसुद्धा देऊ नका. उकळून तर नकोच, खत उकळून जात नाही. बाळ निळं पडतं."

"आमाला कसलं भ्याव? आमचा हिरवा हाय!" उज्वलाने सुनेला हाक मारली. "दर्शना, बाळाच्या पावडरीच्या दुधाला पाणी घे गं."

दर्शनाने बांधावरच त्यांच्या विहिरीची भरलेली कळशी बाळाच्या बाटलीवर कलती केली.

मालनबाईने झडप घातली. कळशी हिसकून तिने बांधावर आपटली. पाणी भेगांत शिरलं.

"बघा गं, किती जळावं माणसानं!" कुणीतरी म्हणालं.

उज्वला मधे आली. "माज्यावर जळा, ताई. लेकराच्या दुधावर कशापायी?"

मालनबाईने आपल्या विहिरीत बादली सोडली, ओढून वर घेतली आणि त्या ओल्या लाल गोलाशेजारी उभी राहून, सगळ्यांदेखत ओंजळीने घटाघटा प्यायली. तोंड पुसलं. मग सुनिताकडे वळली.

"बाटल्या परत भर, पोरी. या बारीला तुज्या हातानं भर. चिठ्ठ्या बी तूच बांध."

सुनिताने हिरव्या गोलाकडे बघितलं, मग लाल गोलाकडे. दर्शनाने हातातली बाळाची बाटली उलटी केली आणि शेवटचा थेंब झटकून टाकला.

उज्वलाने जावेकडे बघितलं. मग बांध उतरून आली, मालनबाईच्या बादलीत हात बुडवला आणि घोटभर प्यायली. तिचं तोंड वाकडं झालं.

"मचूळ हाय वो, ताई."

"हाय," मालनबाई म्हणाली. "पयल्यापास्नं हाय."