काचपट्टी

"गिलावा मुद्दाम काढलाय, बाबा. इथे सगळं असं उघडंच ठेवतात," लेक कौतुकानं म्हणाली. बढती मिळाली म्हणून तिनं मला या पबमध्ये आणलं होतं. बिअर म्हणे इथेच बनवतात.

माझं लक्ष तिच्यामागच्या खांबाकडे होतं. त्यावरच्या भेगेवर बोटभर काचपट्टी चिकटवलेली होती आणि शेजारी माझ्याच अक्षरात तारीख. इथे कापडाचं गोदाम होतं, तेव्हा ओव्हरसियर म्हणून मीच ती लावली होती. भेग रुंदावली की काच फुटते, आणि काच फुटली की माणसं बाहेर काढायची.

"ओरिजिनल आहे, काका. शोभेला तशीच ठेवलीय," वेटर म्हणाला.

काच मधोमध फुटली होती. फटीत माझं नख सहज शिरलं.

"बाहेर व्हा सगळे!" मी ओरडलो, पण आवाज चिरकला. दोनचार माणसं हसली. मी थरथरणाऱ्या ग्लासाकडे बोट दाखवलं.

"गाण्याच्या दणक्यानं हलतेय ती बिअर. बसा ना, बाबा." ओशाळून तिनं वेटरला गाणं बंद करायला सांगितलं.

गाणं थांबलं. ग्लासातली बिअर थरथरतच होती.