गर्दीतली आरोळी

हेवी मेटल संगीताचा खरा प्रेमी कधी बहिरा होत नाही. दातांचे डॉक्टर फक्त डाव्या कानाने झाले होते. पेशंटला ड्रिलचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून ते दवाखान्यात गिटारी कडाडत ठेवत.

"भाऊजी, सारखे सांगता त्या मेटल कॉन्सर्टला तुम्ही गेलाच नव्हता. नुसत्या थापा!" खुर्चीत टेकता टेकता मेव्हणा म्हणाला. वीस वर्षं त्याचं हेच पालुपद.

डॉक्टरांनी त्याच्या गालात कापूस कोंबला आणि त्या कॉन्सर्टमध्ये स्वतः रेकॉर्ड केलेली कॅसेट लावली. आजवर तीत नुसता कल्लोळ ऐकू यायचा. आज ड्रम थांबले आणि गर्दीतून डॉक्टरांचाच तरुण आवाज गरजला, "आलोय रे मी!"

डॉक्टरांनी मूठ उंचावली. जिंकले!

"मेव्हण्या," कॅसेटमधला आवाज अगदी जवळून म्हणाला, "तोंड मिटू नकोस."

डॉक्टरांचं लग्न त्या कॉन्सर्टनंतर सहा वर्षांनी झालं.