डावी पाकळी

कडुबानं झेंडूच्या दोन पाकळ्या तांब्यात बुडवल्या आणि खंडोबाच्या मूर्तीला अंगठ्यानं दाबून चिकटवल्या, एक उजव्या खांद्यावर अन् एक डाव्या.

"उजवी कम्प्युटर," तो देवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. "डावी विमान. जी आधी पडंल तो तुझा कौल."

डोंगराच्या पायथ्याच्या त्या लहानशा देवळात तिन्हीसांजेला तिघंच होते. कडुबा, त्याची पुतणी अक्षदा आणि पोरीची आई म्हाळसाबाई. बापाची वाळूजच्या कंपनीत दुसरी पाळी होती, म्हणून निकाल लावायचं काम थोरल्या भावाकडं आलं होतं. अमेरिकेतल्या कॉलेजानं अक्षदाला घेतलं होतं, शिष्यवृत्तीही दिली होती. शिकायचं काय, तेवढं आज कळवायचं होतं. तिच्या मोबाइलवर 'एअरोस्पेस इंजिनिअरिंग' निवडून ठेवलेलं होतं. त्याखालचं निळं बटण दाबायचं राहिलं होतं.

"विश्वजीत फोनवर काय म्हणला, ऐकलंस ना?" पाकळ्यांवरची नजर न काढता कडुबा म्हणाला. विश्वजीत त्याचा जावई, सहा वर्षं तिकडंच. "विमानं अन् रॉकेटं करणारे परक्याला दारात उभं करत नाहीत. तिथलाच नागरिक लागतो. मग शिकून काय करशील? गच्चीवर बसून विमानं मोजशील?"

"माहितीय, मोठे बाबा. त्यांच्याआधी मी वाचलंय ते."

"अन् तरी?"

"आजोबांच्या मेंढ्या कुणाच्या रानात बसायच्या?"

"जो खतासाठी बोलवंल त्याच्या. पिशोरपासून पार कन्नडच्या घाटापर्यंत."

"रान नावावर करून देतील म्हणून बसवायचे?"

कडुबानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "मेंढरू अन् विमान एकच व्हय?" तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "बाळा, मी तुझ्या वाईटावर नाय. तू रिकाम्या हातानं परत आलीस तर लोक मलाच विचारतील, तू मोठा होतास ना, मग गप का बसलास?"

म्हाळसाबाई खांबाला टेकून उभी होती. थोरल्या दिरासमोर ती बोलत नसे. लग्नाला वीस वर्षं झाली, तेवढी वर्षं तिनं त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर आणि तोंडातला शब्द, दोन्ही जागच्या जागी ठेवले होते. आत्ता तिची नजर पाकळ्यांवर नव्हती, समईवर होती.

पितळेची ती समई देवाच्या उजव्या हाताला, मूर्तीला अगदी लागून असायची. दर रविवारी म्हाळसाबाई ती चिंचेनं घासायची. घासता घासता तिला एक गोष्ट कळून चुकली होती. समईच्या धगीनं उजवी पाकळी लवकर वाळते आणि आधी पडते. कुणी घराचं विचारो, कुणी बोअरचं, कुणी पोरीचं. पडायची ती उजवीच. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिला नाव देवाच्या बायकोचं होतं, आणि घरातलं गुपित बाहेर फोडायचं नसतं.

तिच्या स्वतःच्या वेळी उजवीला लग्न होतं आणि डावीला बारावी. नवरा, सोनाजी, माणूस चांगला निघाला, ही गोष्ट वेगळी.

उजव्या पाकळीची कड आत वळली. मग ती सुटली आणि मूर्तीच्या पायाशी पडली.

"झालं," कडुबानं हात जोडले. त्याचे खांदे सैल पडले. "आता देवाच्या म्होरं कोण जाणार? दाब बाळा, कम्प्युटर दाब."

अक्षदा काही बोलणार, तेवढ्यात म्हाळसाबाई पुढं झाली. तिनं दोन्ही हातांनी समई उचलली, मूर्तीच्या पुढून नेली आणि डाव्या अंगाला ठेवली.

"परत लावा, दादा."

कोण बोललं, हे कडुबाला क्षणभर उमगलंच नाही. "अगं, असं दोनदा विचारत नसतात देवाला."

"दोनदा कुठं? मघाशी तुम्ही समईला विचारलं."

कडुबानं समईकडं पाहिलं, मग पायाशी पडलेल्या पाकळीकडं. पाकळी उचलून त्यानं बोटांत चोळली. ती कडकडीत वाळली होती.

"आई," अक्षदा हळूच म्हणाली, "समई तिकडं ठेवलीस तर डावी पडंल. ती बी धगच की."

"मला कळत नाय व्हय? वीस वर्षं उजवीच पडताना बघतेय. एकदा डावी पडू दे की."

अक्षदाला हसू आलं. तिनं आईकडं पाहिलं, मग मोठ्या बाबांकडं.

"ती पडायची वाट मी बघतच नव्हते," ती म्हणाली आणि तिनं निळं बटण दाबलं.

मोबाइल बारीकसा वाजला. डावी पाकळी अजून देवाच्या खांद्यावर चिकटून होती, ओली, आणि कडुबा तिच्याकडंच बघत राहिला. ती काही पडायचं नाव घेईना.

म्हाळसाबाईनं पुन्हा समई उचलली. उजवीकडं नेली नाही. उंबऱ्यावर नेऊन ठेवली. बाहेर अंधारून आलं होतं, आणि पोरीला चपला सापडत नव्हत्या.